तुटके खिळे

"गेली म्हंजे कुठं गेली? तिला काय पाय फुटलं?"

मानसिंगराव टेबलावर दोन्ही हात टेकून संगणकाच्या पडद्यावर वाकले होते. यादी काचेमागं कुठंतरी अंग चोरून बसली असावी, असं ते बघत होते. खुर्चीत प्रतिक्षा होती. तिच्या हाताखालचा माऊस एकाच जागी गोल गोल फिरत होता.

"काल सहाच्या गाडीला निघाले तेव्हा होती. मी स्वतः बंद करून गेले."

"मग?"

"आता फोल्डर रिकामं आहे. नावं नाहीत, फोटो नाहीत. काहीच नाही."

खिडकीपाशी केशवराव खळदकर प्रुफं तपासत होते. त्यांनी पेन्सिल कानावर खोचली, पण मान वर केली नाही.

बारामतीत समाजाचा वधू-वर मेळावा रविवारी भरायचा होता आणि त्याची सूची छापायचं काम मानसिंगरावांच्या बाणाई मुद्रणालयाला मिळालं होतं. मंडळाचे अध्यक्ष तात्याबा. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "फारम छापू नका. फारम दिला की मानूस तो मास्तराकडनं भरून आनतो, आन मास्तर समद्या पोरींना गोरं करून टाकतो. ज्येला नाव घालायचं हाय त्येनं हितं यावं, तोंडानं सांगावं." त्यामुळं रोज दुपारनंतर भिगवणहून, सोमेश्वरनगरहून, नरसिंहपूरहून माणसं येत. मुलीचं नाव, शिक्षण, मामाचं कूळ, जमीन, अपेक्षा, जे काय असेल ते प्रतिक्षाला सांगत. ती ऐकत ऐकत टाइप करी, फोटो स्कॅन करून तिथल्या तिथं परत देई. कागदावर काही नव्हतंच. होतं ते त्या पेटीत.

"फ्लॉपीवर घेतलं हुतंस?"

"तुम्हीच म्हणालात, शेवटी एकदम घेऊ."

"म्या म्हनलो! म्हंजे आता म्याच चोर!"

"साहेब, मी पुसली असती तर ती ह्या टोपलीत सापडली असती. इथं पुसलेलं सगळं आधी टोपलीत जातं. टोपलीही रिकामी आहे."

मानसिंगरावांना टोपलीचं काही कळलं नाही. केशवरावांना कळलं. ते उठले, म्हणाले, "मी चहा सांगून येतो," आणि चप्पल न घालताच बाहेर पडले.

केशवराव मूळचे जुळारी. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली होती. लग्नपत्रिका, कारखान्याचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, सगळं उलटं वाचत सुलट छापलेलं. मानसिंगरावांच्या वडिलांनी मेंढरं विकून ट्रेडल मशीन घेतलं, तेव्हा पहिले खिळे खणात लावले ते केशवरावांनीच. पुढं मानसिंगरावांनी संगणक आणला आणि खिळे वजनावर गेले. केशवरावांना वाटलं, आपणही त्याच पोत्यातून जाणार. पण मानसिंगराव म्हणाले, "केशवराव, तुमी शिका. शुद्धलेखन काय त्या पेटीला येत न्हाय." मग ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, एकेका बोटानं, शिकले.

गेल्या खंडेनवमीला संगणकाच्या क्लासवाल्या शंभूराजनं त्याच संगणकाचं पोट फाडून आतलं निम्मंअधिक बदललं. मेमरी वाढवली, मोठी डिस्क बसवली आणि नवीन विंडोज पंचाण्णव टाकलं. पण केशवरावांचा मराठी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम त्या नव्यात काही केल्या चालेना. तेव्हा शंभूराजनं जुनंही राहू दिलं. मशीन सुरू होताना एक विशिष्ट कळ दाबली की पडद्यावर छोटी यादी येई. तिच्यातली शेवटची ओळ निवडली की जुनं. काही न करता स्वस्थ बसलं की नवं. सकाळी केशवराव जुन्यात काम करत. दुपारी प्रतिक्षा इंदापूरहून एसटीनं येई, मशीन बंद करून पुन्हा सुरू करी आणि नव्यात बसे. "एका चुलीवर दोन सुना," मानसिंगराव गिऱ्हाइकांना सांगत, "पर एकीचं भांडं दुसरीला दिसत न्हाय."

दिसत होतं. तेच तर.

त्याच दिवशी सकाळी केशवरावांनी एक लग्नपत्रिका जुळवली आणि ती ठेवायला गेले तर मशीननं जागा नाही म्हणून सांगितलं. त्यांनी डिस्कवरच्या फायलींची यादी उघडली. त्यांच्या स्वतःच्या फायलींची नावं नीट होती. छापून झालेलं काम ते त्याच दिवशी पुसत. जुळाऱ्याचा धर्मच तो. छपाई झाली की मजकूर मोडायचा, खिळे धुऊन आपापल्या खणात टाकायचे. बांधलेला मजकूर तसाच ठेवला तर उद्याच्या कामाला 'क' कुठून आणायचा? आणि मोडताना जो खिळा तुटका निघेल, काना गेलेला, मात्रा उडालेली, तो खणात टाकायचा नाही. तो वेगळ्या डब्यात, वितळवायला.

त्या यादीत त्यांना अशी तुटकी नावं दिसली. इंग्रजी अक्षरं मध्येच छाटलेली, मागं एक वळवळती रेघ आणि एक आकडा. ओळीनं सगळी तशीच. अशी नावं त्यांनी कुणाला दिलेली पाहिली नव्हती. खात्री करावी म्हणून त्यांनी एक फाइल उघडूनही पाहिली. आत चौकोन, ठोकळे, उलटीपालटी प्रश्नचिन्हं. मोडून पडलेला माल. नवं मशीन काम करताना असा चुरा सांडत असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी एकेक निवडून पुसायला सुरुवात केली. खरंच पुसायचं का, असं मशीन दर वेळी विचारत होतं आणि दर वेळी ते हो म्हणत होते. जुन्यात टोपली नव्हती, पुसलं की गेलंच. शेवटी भरपूर जागा झाली. पत्रिका ठेवली गेली. पूर्वी खिळे टाकून झाल्यावर ते हात रॉकेलनं धूत, तेव्हा जसं वाटे तसं त्यांना वाटलं होतं.

चहाच्या टपरीवर त्यांच्या हातात पेला आला. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. उसाच्या मोळ्यांनी वाकलेला एक ट्रक समोरून गेला, त्याच्या मागं पाचटाचा कचरा उडाला. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य त्यांनी मनात जुळवलंही. मग वाटलं, आधी शंभूराज येऊ दे, कदाचित तो काढून देईल, मग बोलायची गरजच उरणार नाही. हे वाटलं त्याचीच त्यांना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

शंभूराज आला, बराच वेळ खाटखुट करत बसला आणि म्हणाला, "कुणीतरी पुसलंय. आन त्याच जागंवर वरनं दुसरं लिवलंय. आता न्हाय निघायचं." त्यातलं 'कुणीतरी' तेवढं मानसिंगरावांनी उचललं.

तात्याबा आले ते फेटा सोडत, घाम पुसत. ऐकल्यावर त्यांनी फेटा मांडीवरच ठेवला.

"आता? मानसं पुन्यांदा बोलवायची? भाडं खर्चून आल्याली मानसं हायती ती."

"पोरीच्या हातनं झालं," मानसिंगराव म्हणाले. "उद्यापास्नं येऊ नको म्हनून सांगतो तिला. दुसरं काय करनार?"

प्रतिक्षा भिंतीकडं तोंड करून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. घरात पगार आणणारी ती पहिली मुलगी. हे केशवरावांना तिनंच एकदा डबा खाताना हसत हसत सांगितलं होतं.

"तिनं नाही," केशवराव म्हणाले. "मी पुसलं."

मग मानसिंगराव हसले. मोठ्यानं नाही, प्रेमानं.

"केशवराव, तुमाला माऊस धरायचा म्हनलं तर हात कापतो. तुमी तर जुन्यात बसता. नव्यातलं तुमाला दिसतंय कुठं?"

"दिसतं. सकाळी जागा नव्हती म्हणून..."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," तात्याबा मध्येच म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "मानसिंग, बघ. लेकीच्या वयाची पोर, ना नात्याची ना गोत्याची. आन ह्यो मानूस तिच्यापायी आळ अंगावर घ्यायला निगाला. अशी मानसं आता कुठं मिळत्यात रं?"

"तात्या, मी खरं सांगतोय."

"खरंच सांगताय, व्हय. खऱ्यापरीस मोठं सांगताय."

प्रतिक्षा जवळ आली. "काका, माझ्यासाठी खोटं नका बोलू," एवढं म्हणून वाकून तिनं त्यांच्या पायांना हात लावला. ते मागं सरकले, पण तोवर हात लागून गेला होता.

"बरं," मानसिंगराव म्हणाले, "केशवरावांकडं बघून ठेवतो तुला. पर समदी यादी पुन्यांदा झाली पायजे. रविवारच्या आत."

पोरीची नोकरी वाचली. केशवराव खिडकीपाशी जाऊन बसले. आता पुन्हा बोलायला काय हरकत होती? मशीन सुरू करून दाखवायला किती वेळ लागला असता? पण चहा आला, मानसिंगरावांनी पहिला कप त्यांच्यापुढं सरकवला, आणि तो त्यांनी घेतला.

गावोगावी निरोप गेले. माणसं पुन्हा येऊ लागली. काही चिडलेली, काही नुसतीच दमलेली. एकजण म्हणाला, "मागल्या टायमाला एमेस्सी सांगितलं हुतं, आता बीएस्सीच लिवा. घरी आल्यावं पोरगं वरडलं माज्यावर." सगळे हसले. पण जो येई त्याला तात्याबा आधी खिडकीकडं बोट करून केशवरावांची गोष्ट सांगत. दर वेळी गोष्ट थोडी मोठी होई. तिसऱ्या दिवशी तिच्यात केशवराव प्रतिक्षाच्या आड उभे राहून म्हणाले होते की, मला काढा पण लेकराला काढू नका. माणसं त्यांच्याकडं बघून हात जोडत. केशवराव प्रुफावर आणखी खाली वाकत.

"मेळाव्यात तुमचा सत्कार ठिवलाय," तात्याबांनी सांगितलं. "शाल, श्रीफळ आन फेटा. न्हाय म्हनू नका. समाजाच्या पोरांना कळू द्या."

"नको, तात्या. मी येणारच नाही."

"बघा! ह्येच्याला म्हंत्यात थोरपन."

गुरुवारी गोजरबाई आल्या. नरसिंहपूरच्या. त्या पहिल्यांदा आल्या होत्या ती दुपार केशवरावांना आठवत होती. खुर्चीत बसूनही त्यांनी पदर तोंडावरच धरला होता. मग प्रतिक्षाच्या कानाशी काही म्हणाल्या आणि प्रतिक्षानं सगळ्यांना बाहेर जायची विनंती केली होती. मानसिंगराव, केशवराव, दोन गिऱ्हाइकं, सगळे रस्त्यावर उन्हात उभे राहिले होते. नवऱ्यानं टाकलेली मुलगी आहे एवढं नंतर कळलं. बाकीचं काय ते त्या दोघींतच राहिलं.

आज त्या खुर्चीत बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

"निरोप आला म्हनून सांगाया आले. आमचं नाव ऱ्हाऊ द्या."

"मावशी, मला बरंचसं आठवतंय," प्रतिक्षा उठली. "तुम्ही नका सांगू. मी विचारते तेवढ्याला नुसतं हो-नाही म्हणा."

"न्हाय गं बाय. तवा लई मन घट्ट करून सांगितलं हुतं. रातभर वाटत हुतं, सांगितलं त्ये चुकलं का बराबर क्येलं? नरसिंहाला कौल लावावा म्हनलं, तर तुमचाच निरोप आला. पुसलं ग्येलं म्हनं. त्येनंच पुसलं. त्येच्या मनात न्हाय पोरीचं पुन्यांदा व्हावं."

"असं कुठं असतंय व्हय, गोजरबाई?" तात्याबा म्हणाले. "मशीन हाय त्ये. आन बघा, हे केशवराव. परक्या पोरीपायी ह्यांनी यवढा आळ घेतला अंगावर. तुमी सोताच्या लेकीपायी दोन शबूद बोलाया मागं बघता? जरा ह्यांच्याकडं बघा की."

गोजरबाईंनी खिडकीकडं पाहिलं. रागानं नव्हे. देवळात नव्या मूर्तीकडं बघावं तसं.

केशवराव उठले.

"बाई, देवानं नाही पुसलं. मी पुसलं."

"केशवराव, आता पुन्यांदा..." मानसिंगराव म्हणाले.

"प्रतिक्षा, तुझं काम ठेव आणि मशीन बंद कर."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिनं न विचारता केलं. केशवराव खुर्चीत बसले. मशीन सुरू केलं, कळ दाबली, शेवटची ओळ निवडली. जुना पडदा आला. त्यांनी डिस्कवरची यादी उघडली. माऊस धरला की हात कापतो, असं मानसिंगराव म्हणाले होते, पण बाण जिथं जायला हवा तिथं जात होता. प्रतिक्षानं या तीन दिवसांत केलेल्या फायली पडद्यावर ओळीनं उभ्या राहिल्या. छाटलेली नावं, मागं वळवळती रेघ, आकडा.

"हे माझं आहे?" प्रतिक्षानं विचारलं.

"तुझंच."

"मी तर पूर्ण नाव दिलंय. वधू सूची, भाग एक. मग हे असं दिसतं तुम्हाला?"

"असंच दिसतं. मला वाटलं, तुटके खिळे आहेत." त्यांनी एका नावावर बाण नेला, पुसायची कळ दाबली. खरंच पुसायचं का, मशीननं विचारलं. "इथं मी हो म्हणालो. प्रत्येकाला." त्यांनी नाही दाबलं आणि हात मांडीवर घेतले.

कुणी हसलं नाही. तात्याबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागले. प्रतिक्षा पडद्यावरची नावं एकामागून एक वाचत होती, ओठ हलवत. केशवरावांकडं तिनं पाहिलं नाही.

"मग त्या दिशी का न्हाय सांगितलं?" मानसिंगरावांनी हळू विचारलं.

"सांगितलं होतं."

"तसं न्हवं. आमी हसल्यावं. त्येच्यानंतर."

केशवरावांनी मशीन बंद केलं.

गोजरबाईंनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला. "तुमच्या हातनं झालं म्हनता, खरं असंल," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या हातनं कुनी करवलं? त्येनंच." आणि त्या पायऱ्या उतरल्या.

केशवराव त्यांच्यामागून निघाले. आता चप्पल घालून. स्टँडपर्यंत ते दोन पावलं मागं राहून चालत होते. नरसिंहपूरची गाडी फलाटाला लागलेली होती. गोजरबाईंच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, त्या चढल्यावर खिडकीतून आत दिली.

"बाई, परत या. मी त्या दिवशी बाहेर थांबेन. हवं तर कामावरच येणार नाही."

"तुमचा राग न्हाय मला."

"मुलीचं नाव तरी सांगा. मी वाचलंही नव्हतं."

गोजरबाई खिडकीच्या गजाला धरून बसल्या. ड्रायव्हर चढला, दार आपटलं.

"नकोशी म्हंत्यात तिला. चवथी पोर. ह्यांनीच ठिवलं." गाडी थरथरू लागली तशा त्या थोड्या वाकल्या. "त्या तुमच्या पोरीनं इचारलं, कागदावर ह्येच घालू का मावशी? म्हनलं, तूच बघ बाय एखादं. तर तिनं एक नवं ठिवलं, लई चांगलं. घरी जाऊन म्या पोरीला सांगितलं, तर दोन दिस त्याच नावानं हाका मारून घेतल्या तिनं धाकल्या भावाकडनं." त्या थांबल्या. "त्येबी पुसलं असंल न्हवं?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं सरकली, वळली, इंदापूरच्या रस्त्याला लागली.

केशवराव परत आले तेव्हा मुद्रणालयात पुन्हा काम सुरू झालं होतं. मशीन नव्यात होतं. प्रतिक्षा टाइप करत होती. सोमेश्वरनगरचा एक माणूस तिला मुलाची उंची सांगत होता, आणि त्याची बायको म्हणत होती, "येवढी न्हाय वो, चपला घालून मोजली हुती." मानसिंगराव छपाईच्या खोलीत होते. तात्याबा निघून गेले होते.

ते नाव काय होतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. प्रतिक्षाला ते आठवत असणार. त्यांनी तोंड उघडलं आणि तिनं पडद्यावरून नजर न हलवता पुढच्या माणसाला म्हटलं, "बोला."

खिडकीपाशी त्यांची जागा रिकामी होती. केशवराव तिकडं गेले नाहीत. दाराजवळ नाव घालायला आलेली माणसं बाकावर दाटीवाटीनं बसली होती. त्यांतल्या टोकाच्या बाईंनी त्यांना पाहिलं, हेही आपल्यासारखेच कुणाचं तरी सांगायला आलेत असं समजून पोरगी मांडीवर घेतली आणि सरकून जागा दिली.

ते बसले.

"लेकीचं का लेकाचं?" बाईंनी विचारलं.

"लेकीचं," केशवराव म्हणाले, आणि आपली पाळी येण्याची वाट बघत बसले.